वणेच्या काठचे घर

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाने साधारण पाऊणशे किलोमीटर अंतर कापले की वणा नदीच्या काठचे हिंगणघाट लागते. वर्धा जिल्ह्यातील ही जुनी बाजारपेठ. एकोणिसाव्या शतकात येथील कापूस गावाच्याच नावाने विलायतेच्या बाजारात ओळखला जाई. त्या कापसाच्या ओढीने दूरदूरची व्यापारी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. आमचे पूर्वज त्यांपैकीच. त्यांनी घर बांधले ते नदीकडच्या सखल भागात. पुढे दुकान, मागे कोठार, वर माडी. बैलगाड्यांच्या त्या काळात पाणी जवळ असणे ही मोठी सोय होती. त्याच सोयीची किंमत चौथ्या पिढीला मोजावी लागेल, हे त्यांना कसे ठाऊक असणार?

वणा ही उन्हाळ्यात अगदी सोशिक वाटणारी नदी. नागपूर जिल्ह्यातून ती येते आणि पुढे वर्धेला मिळते. वरच्या बाजूस निम्न वणा प्रकल्पाची धरणे आहेत. सलग पाऊस झाला, धरणे भरली आणि दारे उघडावी लागली, की ते पाणी खाली येते. त्याच वेळी वर्धा नदीही दुथडी भरलेली असेल, तर वणेचे पाणी पुढे सरकत नाही; फुगवटा मागे येतो आणि नाल्यांतून वस्तीत शिरतो. काळ्या जमिनीने आधीच पोटभर पाणी प्यालेले असते; ती आणखी थेंबही घेत नाही. म्हणूनच आपल्या अंगणात पावसाचा थेंब नसतानाही पाणी चढू शकते. हे भूगोलाचे साधे गणित आम्हाला २०२२ च्या जुलैमध्ये उमगले.

चातुर्मास नुकताच बसला होता. पावसाळ्यात जमिनीवर जागोजागी जीव उपजतात, त्यांची विराधना होऊ नये म्हणून साधू-साध्वी चार महिने एका ठिकाणी थांबतात. त्याच ऋतूत आम्हा संसारी माणसांवर मात्र राहते घर सोडण्याची वेळ आली.

दुपारपर्यंत पाणी गल्लीच्या तोंडाशी होते. बाबांचा अंदाज असा की, नेहमीप्रमाणे पायरीला लागून ओसरेल. दुकानात हरभरा आणि तूर यांची पोती होती, कोठारात सरकी होती. ती फळ्यांवर चढवण्यात हमालांसह सारे गुंतले. आजी तेवढी ओसरीवर बसून पायऱ्या मोजत होती. तिसरी पायरी बुडाली तेव्हा ती म्हणाली, "अरे, माल राहू दे. मोवाड आठव."

त्या दोन शब्दांनी बाबांचे हात थांबले. मोवाड हे वर्धा नदीकाठचे, नागपूर जिल्ह्यातले गाव. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेचा लोंढा त्या गावात शिरला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. पुढे गावाचे पुनर्वसन करावे लागले. आमच्या भागातील ज्येष्ठांच्या मनातून ती तारीख कधी पुसली गेली नाही. बाबांनी मेन स्विच बंद केला, सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, हमालांना आधी त्यांच्या घरी पाठवले आणि आम्हाला माडीवर नेले.

सायंकाळी बचाव पथकाची रबरी होडी गल्लीत आली. प्रत्येकी एकच पिशवी घेता येईल, असे पथकातील तरुणाने सांगितले. त्या घडीला माणसाला आपल्या संसाराची खरी किंमत कळते. आईने औषधे आणि कागदपत्रांची फाइल घेतली. मी फोन आणि चार्जर घेतला, याची आजही थोडी लाज वाटते. आजीने माळ, मुहपत्ती आणि पाण्याचे गाळणे घेतले. बाबा पुन्हा खाली उतरू पाहत होते. उधारीची वही गल्ल्याच्या फळीवर राहिली होती. तेथवर कमरेइतके पाणी होते. आजीने त्यांचा हात धरला. ती काही बोलली नाही, आणि बाबा थांबले.

होडीत बसलो तेव्हा सूर्य मावळला होता. एका तरुणाने आजीपुढे पाण्याची बाटली धरली. तिने हात जोडले. तिचा चौविहार होता. चहूकडे पाणी आणि तिच्या घशाला कोरड, तरी चेहऱ्यावर तक्रार नव्हती. रात्र एका शाळेच्या वर्गखोलीत काढली. तेथे सगळ्या आळीची माणसे होती. कोणी घरमालक नव्हते की भाडेकरू नव्हते, सगळ्यांना सारखीच सतरंजी मिळाली होती. सकाळी नवकारसीची वेळ झाल्यावर वरच्या पेठेतील एका शेजारणीने गाळून उकळलेले पाणी आणले. आजी ते दोन्ही हातांनी धरून हळूहळू प्यायली.

पाणी ओसरल्यावर घरी परतलो. भिंतीवर खांद्याच्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ उमटली होती. भिजून फुगलेल्या हरभऱ्याने पोती शिवणीवर उसवली होती, सरकीला उग्र वास सुटला होता. वही सापडली, पण शाई पसरून निम्मी पाने निळी झाली होती. कोणाकडे किती येणे आहे, हे आता केवळ स्मरणावर उरले होते.

बाबांनी ती वही आठवडाभर उन्हात वाळवली. ज्यांची नावे तीत होती, त्यांपैकी कित्येकांच्या शेतांवरची मातीच खरवडून गेली होती. पुढच्या काही महिन्यांत काही जण आपणहून आले. "शेठजी, माझे इतके निघतात," असे म्हणून त्यांनी आकडा सांगितला आणि जमेल तसा फेडला. काही जण आले नाहीत. बाबा कोणाच्या दारी गेले नाहीत. मी विचारले, तेव्हा म्हणाले, "आपल्या पोत्यांचे नुकसान आपण मोजू शकलो. त्यांचे कोणी मोजले?" दिवाळीला नवी वही आली. पहिल्या पानावर नेहमीप्रमाणे शुभ-लाभ लिहिले. मागील बाकी मात्र ओढली नाही.

अपरिग्रहाचे प्रवचन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. त्याचा अर्थ मला त्या एका पिशवीने शिकवला. तरी त्यागाबरोबर दक्षताही हवीच. आज आमच्याकडे कागदपत्रांची जलरोधक पिशवी माडीवर टांगलेली असते, हिशेबाची प्रत दुसऱ्या गावी ठेवलेली असते आणि पावसाळ्यात माल जमिनीपासून उंच ठेवला जातो. तिसरी पायरी बुडाली की निघायचे, हा घराचा नियमच झाला आहे.

मागच्या पावसाळ्यात हिंगणघाटला गेलो होतो. भिंतींना नवा रंग दिला आहे. पण दुकानातल्या एका भिंतीवरची ती चिखलाची रेघ बाबांनी तशीच राहू दिली आहे. आजी ओसरीवर बसली होती आणि गल्लीत पाऊस पडत होता. मी शेजारी जाऊन बसलो, तेव्हा ती पायऱ्याच मोजत होती.