चार तारांची भेट

देणगी देणे सोपे, भेट देणे कठीण, हे आम्हांस फार उशिरा कळले. देणगीत देणाऱ्याचा हात वर असला तरी चालते. भेटीत मात्र घेणाऱ्याच्या मनात शिरावे लागते, आणि तेथेच आम्हां वडीलधाऱ्यांची गाडी अडते.

गेल्या उन्हाळ्यात यवतमाळास धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिच्या दहा वर्षांच्या नातीने वाढदिवसाची मागणी सांगितली, "आजोबा, मला युकुलेली हवी." तिने दाखविलेले ते गिटारीचे चार तारांचे पिल्लू पाहून आम्ही म्हणालो, "त्यापेक्षा चांगली पेटी घेऊन देतो. आपले वाद्य आहे ते." बहीण गहू निवडीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दादा, एक पेटी आहे की तुझ्या घरी."

वाक्य साधेच, पण ते आम्हांस लागले. १९८० च्या सुमारास ही बहीण बारा वर्षांची असताना वणीच्या यात्रेत तिने बुलबुलतरंगासाठी हट्ट धरला होता. आम्हांस ते खेळणे वाटले. नुकतेच नोकरीस लागलो होतो. पगारातून पैसे साठवून आम्ही तिच्यासाठी भारदस्त पेटी आणली. तिने नमस्कार केला, चार दिवस भाता हलविला, आणि पेटी खोळीत गेली. पुढे बहीण सासरी गेली; पेटी आमच्याच घरी राहिली. खरे पाहता ती आम्ही तिला दिलीच नव्हती. आपल्या मोठेपणास दिली होती.

आणि 'आपले वाद्य' तरी कोणते? हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या दबँ ह्याने १८४२ साली घेतले. तिला परकी ठरवून १९४० मध्ये आकाशवाणीने बाहेर घातले, ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. तोवर कीर्तनात व नाटकात ती घरचीच झाली होती. बुलबुलतरंगाचे मूळ जपानात. युकुलेलीची कथाही अशीच. १८७९ साली मदैरा बेटावरील पोर्तुगीज लोक उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी 'रेव्हन्सक्रॅग' जहाजातून होनोलुलूस उतरले. त्यांच्यातील तिघा सुतारांनी आपल्या गावच्या लहानशा वाद्यावरून हे वाद्य घडविले. हवाईचा राजा कालाकाउआ ह्याने त्यास दरबारात मान दिला, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर ते जगभर गेले. वाद्याचे गोत्र विचारू नये. ते कोणाच्या हाती रमते एवढेच पाहावे. आमच्या वऱ्हाडात तुकडोजी महाराजांनी साध्या खंजिरीवर गावेच्या गावे जागविली, हे आम्ही तरी विसरावयास नको होते.

असो. नातीस घेऊन आम्ही नागपुरास गेलो. दुकानदाराने सांगितले की लहान 'सोप्रानो' एकवीस इंचांची, तिच्याहून मोठी 'कॉन्सर्ट' तेवीस इंचांची. तारा नायलॉनच्या, म्हणून कोवळ्या बोटांस सोसतात. एका बोटाने एक तार दाबली तरी एक पूर्ण स्वरमेळ उमटतो, आणि वाजविता वाजविता गाताही येते. रागाची मींड तिच्यावर फारशी निघणार नाही; पण पोरीस गाणे म्हणावयाचे होते, मैफल जिंकावयाची नव्हती. अखंड लाकडाची महाग युकुलेली आम्हांस मोहवीत होती. परंतु यवतमाळचा कोरडा उन्हाळा तसल्या लाकडास तडे पाडतो, थरांचे लाकूड तो अधिक सोसते, हे ऐकून आम्ही हात आवरला. नातीने निळी निवडली. आम्ही ती कधीच निवडली नसती. आम्ही गप्प राहिलो, आणि आमच्या मते आमची खरी भेट तीच.

नव्या तारा ताणल्या जातात, म्हणून पहिले काही दिवस त्या पुन्हापुन्हा सुरात लावाव्या लागल्या. चौथ्या दिवशी दुपारी नात झोपली असता बहिणीने ती मांडीवर घेतली, हलकेच छेडली आणि म्हणाली, "दादा, तारा बोटांना लागत नाहीत रे."

"तुलाही एक आणू का?" आम्ही विचारले.

"नको. ही झोपली म्हणजे हिचीच घेईन."

खोळीतल्या पेटीविषयी मात्र त्या दुपारी ती काही बोलली नाही, आणि आम्हीही नाही.