पंचवीस पावलांचा प्रश्न



आपल्या शाळेच्या दोन इमारती आहेत आणि मधून गावात जाणारा रस्ता आहे, हे तुम्हाला सांगायला नको. अलीकडच्या जुन्या इमारतीत ऑफिस आणि पहिली-दुसरी, पलीकडच्या नव्या खोलीत तिसरी-चौथी. शिक्षक दोघंच, बाई आणि मी. एकाला प्रशिक्षणाला किंवा मतदारयादीच्या कामाला जावं लागलं की दुसऱ्यानं दिवसभर या काठावरून त्या काठावर हेलपाटे घालायचे. इकडे बाराखडी घ्यायला वळावं तर तिकडे चौथीत कुस्ती सुरू! म्हणून ग्रामस्थांनी लोकवर्गणीतून दिलेला टीव्ही तिसरी-चौथीच्या खोलीत ठेवायचा, असं ठरलं. टीव्ही काही गुरुजी नव्हे, पण गुरुजी रस्ता ओलांडून येईपर्यंत तो मुलं धरून ठेवतो, एवढं मी अनुभवानं सांगतो.

अडचण डिशची होती. आपली डिश डीडी फ्री डिशची आहे. म्हणजे महिन्याचं भाडं नाही, पीएम ई-विद्याचे शाळेचे कार्यक्रम फुकटात दिसतात. तिचा उपग्रह जीसॅट-१५. तो ११ नोव्हेंबर २०१५ रोजी आकाशात सोडला आणि विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो आहे. पृथ्वी फिरते त्याच वेगानं तोही फिरतो, म्हणून आपल्याला एकाच जागी टांगल्यासारखा वाटतो. सोलापूर जवळजवळ ७६ अंशांवर. त्यामुळे आपल्याकडून तो बरोबर आग्नेयेला आणि बराच उंच असतो. गावातल्या या डिश बघा, सगळ्यांची तोंडं एकीकडे, जत्रेत रथाकडे बघणाऱ्या माणसांसारखी! नव्या खोलीवर आग्नेयेकडून जुनी चिंच ओणवलेली आहे. पानांआडून लहरी नीट येत नाहीत आणि चिंच तोडायला माझ्यासकट कुणीच तयार नव्हतं. म्हणून डिश बसली जुन्या इमारतीवर, तिचा डबा ऑफिसात, आणि टीव्ही रस्त्यापलीकडे.

मग वायर टाकली. रस्त्यावरून उंच नेली. पण गळिताचा हंगाम आला आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. दुहेरी ट्रॉली, वर दीड पुरुष उसाचा ढीग. पहिल्याच महिन्यात वायर दोनदा तुटली. दुसऱ्यांदा तर ती उसाबरोबर कारखान्याच्या वाटेनं गेली ती गेलीच. जमिनीखालून न्यावी तर रस्ता खोदायचा, त्याला परवानगी आणि खर्च. छत्तीस हजार किलोमीटरवरून चित्र आपल्या छपरापर्यंत येतंय, आणि पुढची पंचवीस पावलं त्याला जाता येत नाहीत!

आपल्याला पोषण आहार शिजवून वाढणाऱ्या आजींनी हे ऐकलं आणि त्या हसल्या. त्यांचं माहेर भीमेपलीकडे, विजापूर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या विजयपूर जिल्ह्यात. त्या म्हणाल्या, "आमच्या साळंत पन्नास वर्सामागं टीव्ही होता की ओ गुरुजी. कोंबड्याच्या जाळीची ही एवढी परात होती." मला आधी गंमत वाटली, पण आजी खरं तेच सांगत होत्या. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर 'साइट' नावाचा प्रयोग देशात झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षापुरता मिळाला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत त्यावरून थेट टीव्ही दाखवला. त्यात कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. महाराष्ट्र नव्हता. म्हणजे नदीच्या त्या काठाला सकाळी शाळेतली मुलं दीड तास टीव्ही बघायची आणि या काठाला आपली माणसं रेडिओ ऐकायची. ती परात सुमारे तीन मीटर व्यासाची असे आणि खरोखरच जाळीची असे. तो उपग्रह आफ्रिकेच्या वर, ३५ अंश रेखांशावर होता, म्हणून तिचं तोंड पश्चिमेला, जरासं दक्षिणेकडे. आजींनी हात करून दाखवलं तेही तसंच. त्या वेळी त्या दुसरीत होत्या. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला. "मग काय, बंद," एवढंच त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडू लागल्या.

याच प्रयोगात गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज या गावी आणखी एक गोष्ट झाली. तिथं उपग्रहाचं चित्र एका ठिकाणी उतरवून घ्यायचे आणि मनोऱ्यावरून आसपासच्या गावांना पुन्हा पाठवायचे. पुढे १९८३ साली इन्सॅट-१बी वर गेला आणि दूरदर्शननं अशी लहान प्रक्षेपण केंद्रं देशभर उभी केली. आता त्यांतली बहुतेक बंद झाली. पण युक्ती ध्यानात ठेवा: आकाशातून घ्यायचं आणि जमिनीवरून पुढं धाडायचं.

आपलं गाडं याच युक्तीनं सुटलं. आपला एक माजी विद्यार्थी पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं घरात पडून असलेली दोन डब्यांची जोडी आणून दिली. तिला व्हिडिओ सेंडर म्हणतात. पाठवणारी डबी ऑफिसातल्या डब्याला जोडायची. पिवळी वायर चित्राची, तांबडी आणि पांढरी आवाजाची, रंगाला रंग. घेणारी डबी टीव्हीला तशीच जोडायची आणि टीव्ही 'एव्ही'वर लावायचा. दोन्ही डब्यांवर चॅनेलचं बटण असतं, ते दोन्हीकडे एकच हवं. या डब्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. एवढ्या कमी शक्तीच्या यंत्राला परवाना लागत नाही.

चौथीतल्या मुलांना आठवत असेल, पहिल्या दिवशी चित्र आलं पण त्यावर पावसासारख्या रेघा. मग आपण शोध लावायला बसलो. ग्रामपंचायतीचं वायफाय शेजारीच, तेही त्याच लहरींवर! दोन्ही डब्या पहिल्या चॅनेलवरून तिसऱ्यावर नेल्या, रेघा निम्म्या झाल्या. नंतर एकानं घेणारी डबी हातात धरून खोलीभर फिरायचं आणि बाकीच्यांनी टीव्हीकडे बघत ओरडायचं, असं ठरलं. पत्र्याच्या दाराआड गेलं की, "गुरुजी, गेलं की ओ चित्र!" खिडकीशी आलं की, "आलं, आलं!" पाच-सहा जण खिडकीत उभे राहिले की चित्र पुन्हा मळकट. कारण आपल्या अंगात पाणी पुष्कळ, ते या लहरी पिऊन टाकतं. शेवटी डबी खिडकीच्या वरच्या फळीवर, ऑफिसच्या खिडकीकडे तोंड करून ठेवली. विज्ञानाच्या पुस्तकात हा धडा नाही, पण पाटीवर नोंदी ज्या टापटिपीनं झाल्या त्या मी जपून ठेवल्या आहेत.

रिमोटचीही सोय त्यात आहे. वर्गात रिमोट दाबला की घेणारी डबी ती खूण उलट पाठवते आणि ऑफिसात वायरच्या टोकाचा एक बारीक दिवा ती डिशच्या डब्याला दाखवतो. तिसरीच्या मुलींना हे अजून भुताटकीचं वाटतं. मात्र डबा एकच, म्हणून चित्रही एकच. परवा बाईंनी ऑफिसात बातम्यांचं हवामान लावलं, तर इकडे अपूर्णांकांच्या मध्येच ढग आले! आता पाळी फळ्यावर लिहिलेली असते, आणि पहिलीची गाणी साडेअकराला म्हणजे साडेअकराला.

ट्रॉल्या अजून जातातच. भरलेली ट्रॉली दोन खिडक्यांच्या मध्ये आली की लोखंड आणि ओला ऊस लहरी अडवतात, पडदा तीन-चार सेकंद पांढरा होतो. मुलं न बघता सांगतात, "ऊस चालला." मग चित्र परत येतं.