कुंडींतला वावळा

झाडांची हौस आम्हांस जन्मजात होती असें नाहीं. शिरूरास मास्तरकी करीत असतां शाळेमागें एक जुना वावळा होता. उन्हाळ्यांत त्याचीं कागदासारखीं पातळ, वाटोळीं फळें वाऱ्याबरोबर वर्गांत येऊन पडत, आणि मुलें विभक्ति-प्रत्यय सोडून त्यांतील दाणे खात बसत. पुढें एका वादळांत तो वृक्ष उन्मळला. पायरीच्या फटींत उगवलेलें त्याचें वीतभर रोप आम्हीं कुंडींत लावलें, आणि सेवानिवृत्त होऊन चिरंजीवांकडे दौंडास आलों ते ही कुंडी मांडीवर घेऊनच.

वावळा म्हणजे संस्कृतांतील चिरबिल्व. चरकानें तो भेदनीय गणांत घातला आहे. रॉक्सबर्गनें त्यास विलायती एल्मच्या वंशांत बसविलें. प्लांशों यानें १८४८ सालीं वंश निराळा केला, तरी कूळ एकच राहिलें. चीन-जपानांत थाळींत बुटका वाढवितात तो एल्म याचा भाऊबंदच. त्याचीं पानें नखाएवढीं होतात. आमच्याचीं कांहीं केल्या तितकीं बारीक होत नाहींत, आणि चुरगळलीं तर दुर्गंधि सुटते ती निराळीच.

दौंडची काळी माती कुंडीस निरुपयोगी. ओली असतां चिकटते, वाळली कीं भेगाळते. आम्ही जाड वाळू, तांबडी माती व जुनें शेणखत मिसळतों. पहिल्या वर्षीं मायेपोटीं कुंडीखालीं पाण्याची थाळी ठेविली, तों अर्धीं मुळें कुजलीं. वरची माती बोटभर सुकल्यावांचून पाणी घालूं नये. ऊन मात्र भरपूर हवें. थंडीच्या अखेरीस सारीं पानें झडतात. सूनबाई एकदां तें झाड मेलें समजून टाकावयास निघाल्या होत्या. नखानें साल जराशी खरवडून आंतील हिरवेपणा दाखविला, तेव्हां वांचलें.

दर दोन वर्षांनीं, पालवी फुटण्यापूर्वीं, कुंडी उपडी करून मुळांचा तिसरा हिस्सा छाटावा लागतो. हें चाललें असतां आमचें कुटुंब एकदां म्हणालें, “अहो, ज्याला घरावर सावली धरायची, त्याला जन्मभर वीतभर ठेवायचें, ही कसली विद्या?” आम्हीं चीन-जपानचे दाखले दिले. पस्तीस वर्षें मुलांना वळण लावण्याच्या नांवाखालीं छाटीत आलेल्या माणसापाशीं दाखल्यांना काय तोटा!

तिला जाऊन तीन वर्षें झालीं. यंदां माघांत कात्री घेऊन बसलों, पण हात चालेना. अंगणांत लावावा तर चिरंजीव म्हणतात, मुळें भिंतींत शिरतील. त्यांचेंही खोटें नाहीं. शिरूरास जुन्या वावळ्याची जागा मात्र अजून मोकळी आहे. शाळेंत पत्र टाकलें होतें. “अवश्य आणावा” असें उत्तर आलें. मृगाचा पाऊस चांगला लागला कीं निघावयाचें. नातू बरोबर येणार आहे. कुंडी आतां आमच्यानें एकट्यानें उचलत नाहीं. मुळें छाटलीं नाहींत, त्यामुळें ती एका अंगानें तडकूं लागली आहे. तूर्त सुतळीनें आवळून ठेविली आहे.