दोन आगारं, एक दस्तरखान

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. थोरलीचं सासर जळगाव, धाकटीचं धुळे. माहेरही धुळ्यातच; तिथे अब्बांनी चाळीस वर्षं दुसऱ्याच्या मालकीचा पॉवरलूम चालवला. दोघींच्या घरची चूल एसटीवर पेटते. थोरलीचे शौहर जळगाव आगारात वाहक, धाकटीचे धुळे आगारात चालक. पगारवाढीची बोलणी, करार, संप हे शब्द आम्ही वर्तमानपत्रात वाचण्याआधी जेवताना ऐकतो.

२०२१ च्या हिवाळ्यात याच शब्दांनी आमच्या घरात फूट पाडली. आता सगळं निवळलं आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. लिहिताना एकीने लिहिलं आणि दुसरीने खोडलं, असं बरेचदा झालं. जे दोघींना पटलं तेच इथे ठेवलं आहे.

आधी हे काम काय असतं ते सांगतो. मुक्कामी गाडी असली की माणूस संध्याकाळी डबा घेऊन निघतो, रात्री खेड्यातल्या पारावर किंवा गाडीतच झोपतो आणि पहाटे शाळा-कॉलेजची पोरं घेऊन परततो. वाहकाला तिकिटांच्या रकमेत दहा रुपये कमी भरले तर ते खिशातून घालावे लागतात. चालकाचे डोळे, कंबर आणि झोप, तिन्ही पन्नाशीच्या आत थकतात. कोरोनाच्या काळात गाड्या उभ्या राहिल्या आणि राज्यभर पगार लांबू लागले. किराणा दुकानातली वही आम्हा दोघींच्या घरी त्याच वर्षी सुरू झाली.

२७ ऑक्टोबर २०२१ ला निरनिराळ्या संघटनांच्या कृती समितीने उपोषण सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी सरकारशी बोलणी झाली. २८ टक्के महागाई भत्ता आणि राज्य सरकारी नोकरांप्रमाणे घरभाडे भत्ता मान्य झाला, आणि समितीने आंदोलन मागे घेतलं. एरवी गोष्ट इथेच संपली असती. पण या वेळी नेते उठले आणि कामगार बसले. आगारामागून आगार बंद पडत गेलं. मागणी एकच होती, विलीनीकरण. म्हणजे एसटी महामंडळ राज्य सरकारात मिसळून टाका आणि आम्हाला सरकारी कर्मचारी म्हणा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातली सुमारे अडीचशे आगारं ठप्प झाली होती. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर, साक्री, दोंडाईचा, सगळीकडे फाटकाच्या आत लाल गाड्या आणि बाहेर मंडप. मामला उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाच्या सांगण्यावरून मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली तिघांची समिती नेमली गेली.

२४ नोव्हेंबरला परिवहनमंत्री अनिल परब यांनी वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांच्या मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षंवाल्यांना ४,००० आणि वीस वर्षांवरच्यांना २,५०० रुपये. शिवाय दरमहा १० तारखेच्या आत पगार. दुसऱ्या दिवशी आमदार गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत यांनी मुंबईच्या आझाद मैदानातून माघार घेतली. अॅड. गुणरत्न सदावर्ते यांच्यामागे उरलेले कामगार मात्र तिथेच बसून राहिले.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर आम्ही सगळे धुळ्याला अब्बांकडे जमलो. अम्मीने खिचडी-खाटा केला होता. घरी आम्ही आपल्या मिश्र बोलीत बोलतो. त्या दिवशीचं बोलणं इथे मराठीत देतो.

थोरलीचे शौहर, म्हणजे धाकटीचे दुल्हाभाई, म्हणाले, "घ्यायची वेळ आली आहे. मागायची वेळ गेली."

धाकटीचे शौहर म्हणाले, "भाईजान, तुम्हाला अडीच हजार मिळालेत, मला पाच. तरी मी उठत नाही. यावरून समजा, हे पैशांचं नाही."

दुल्हाभाईंची नोकरी वीस वर्षांपुढची. जुन्या संघटनेची पावती ते दरवर्षी फाडत आले होते. त्यांचं म्हणणं असं होतं, की बोलणी ही बाजारासारखी नसून शेतीसारखी असतात, त्यांना हंगाम असतो. १९७१ च्या कायद्याने बोलणी करायचा हक्क मान्यताप्राप्त संघटनेला दिला, आणि ती मान्यता मिळायला किमान तीस टक्के कामगार सभासद लागतात. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीशिवाय संप केला की पहिल्या दिवसापासून आपण कायद्याच्या बाहेर, आणि बाहेरच्या माणसाशी समोरचा कशाला बोलेल? मग त्यांनी गिरण्यांची आठवण काढली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. "तो संप आजवर कोणी मागेच घेतला नाही. गिरण्या मात्र गेल्या," ते म्हणाले.

धाकटीच्या शौहरांना नोकरीत सात वर्षं झाली होती. ते म्हणाले, "संघटनेने २८ ऑक्टोबरला एका रात्रीत मिटवलं. आम्हाला कोणी विचारलं? २०१८ मध्ये ४,८४९ कोटींच्या वाढीची घोषणा झाली तेव्हाही टाळ्या वाजल्या, आणि हातात किती पडतंय ते कळल्यावर जूनमध्ये पोरांनी गाड्या थांबवल्या. त्या वेळी पुढारी कुठे होते? आता ही जी पाच हजारांची वाढ आली, ती तुमच्या करारामुळे आली की आमच्या बसण्यामुळे?"

"तुमच्या बसण्यामुळे," दुल्हाभाई म्हणाले. "म्हणूनच म्हणतो, आता उठा. ज्याने बसून मिळवलं त्याला उठायची वेळही कळली पाहिजे."

"विलीनीकरणाचं काय?"

"समितीत अर्थ खात्याचा माणूस आहे. एवढ्या नव्वद हजार लोकांचा पगार कायमचा तिजोरीवर घ्या, असं तो लिहून देईल?"

यावर कोणी बोललं नाही. अब्बा मध्येच म्हणाले, "मला कोणी संघटना विचारली नाही की समिती. सूत महागलं की मालक लूम बंद करायचा आणि आम्ही घरी. तुम्हाला भांडायला समोर कोणी आहे, हीच मोठी गोष्ट. ती हातची घालवू नका." त्यांचा रोख कोणाकडे होता ते दोघांनी आपापल्या सोयीने समजून घेतलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुल्हाभाई कामावर हजर झाले. पोलिसांच्या बंदोबस्तात ज्या थोड्या गाड्या निघाल्या, त्यातल्या एकीवर ते होते. आगाराच्या मंडपात बसलेल्यांनी पाठ फिरवली. बोलणी सहन होतात; वीस वर्षांच्या मित्राने सलामाला उत्तर न देणं सहन होत नाही. धुळ्याहून फोन येणं बंद झालं. आम्ही दोघी बहिणी तरी बोलत होतो का? खरं सांगायचं तर नाही. थोरलीला वाटायचं, धाकटी आपल्याला गद्दाराची बायको समजते. धाकटीला वाटायचं, थोरलीच्या घरी १० तारखेला पगार येतो, तिला काय कळणार. आणि एसटी बंद, म्हणून भेटही नाही. जळगाव ते धुळे, मध्ये एरंडोल आणि पारोळा, शंभर किलोमीटरच्या आतला रस्ता. काळीपिवळीवाल्याने जे भाडं सांगितलं ते ऐकून धाकटी स्टँडवरूनच परतली.

त्या महिन्यांत आणखी एक बाजू आम्हाला दिसली. धाकटीच्या गल्लीत कामाला येणारी बाई सांगायची, की तिच्या गावच्या मुलींचं कॉलेज बंद पडलं. मुलं कोणाच्या दुचाकीवर मागे बसून जातात, मुलींना कोण पाठवणार? आपला संप आपल्यासारख्याच गरिबाच्या पायावर पडतो, हे मंडपात बसलेल्यांनाही कळत होतं. ते बोलून दाखवणं कोणाला जमत नव्हतं.

टीव्हीवर तेव्हा दुसरी बातमी चालू होती. एअर इंडिया विकली गेली. १८,००० कोटींना टाटांनी घेतली आणि २७ जानेवारी २०२२ ला तिचा ताबा गेला. धाकटीचे शौहर ती बातमी बघत बराच वेळ गप्प बसले. आपण सरकारात घ्या म्हणून बसलोय, आणि सरकार विमानातून उतरतंय. २०१२ मध्ये एअर इंडियाचे वैमानिक सुमारे दोन महिने संपावर होते, हे आम्हाला तेव्हाच समजलं. न्यायालयाने तो संप बेकायदा ठरवला होता आणि शेवटी ते कामावर परतले. त्यांचा पगार कुठे आणि आमचा कुठे! पण समोरच्याने ठरवलंच असेल, तर उंच उडणाऱ्याचंही काही चालत नाही.

मार्चच्या सुरुवातीला समितीचा अहवाल विधिमंडळात आला. विलीनीकरण शक्य नाही. ३ एप्रिलला रमजान लागला. ७ एप्रिलला उच्च न्यायालयाने सांगितलं, २२ एप्रिलपर्यंत कामावर या. दुसऱ्याच दिवशी मुंबईत शरद पवारांच्या घरावर आंदोलक धडकले आणि लोकांच्या मनात उरलीसुरली सहानुभूतीही आटली. धाकटीच्या घरी रोज्यांत सहेरीला खजूर होते, कारण अम्मीने पाठवले होते. शिलाई मशीन रात्री बारापर्यंत चालायचं. कानातले गहाण होते.

एका इफ्तारच्या वेळी धुळ्याच्या घराची कडी वाजली. दारात दुल्हाभाई, हातात भज्यांची पिशवी. ते दिवसभर जळगाव-धुळे गाडीवर होते. आत येऊन बसले, रोजा सोडला आणि म्हणाले, "बावीस तारखेला मी रजा घेतो. तुमच्याबरोबर आगारापर्यंत येतो."

"कशाला भाईजान?"

"तुम्ही पाच महिने माझ्या वाटचंही बसलात. मी तुमच्या वाटचं एवढं चालतो."

२२ एप्रिलला शुक्रवार होता. दोघं साडू एका स्कूटरवर आगारात गेले. ३ मेच्या ईदला अब्बांच्या घरी पुन्हा एकच दस्तरखान अंथरला गेला.

नंतर आम्ही दोघींनी वही घेऊन हिशोब मांडला. धाकटीच्या घरी बुडालेला पगार लाखाच्या आसपास. महिना पाच हजारांच्या वाढीने तो भरून यायला वीस महिने. आणि ही वाढ तर २४ नोव्हेंबरलाच मिळाली होती. पुढच्या पाच महिन्यांत तीत एका रुपयाची भर पडली नाही. थोरलीच्या घरी बुडाला साधारण महिन्याचा पगार, आणि वाढ मिळाली ती ज्यांच्याकडे पाठ फिरवून ते कामावर गेले त्यांच्या जोरावर. कागदावर थोरलीचं घर शहाणं ठरलं. पण सगळेच पहिल्या दिवशी शहाणे झाले असते, तर वाढच आली नसती. हे थोरलीने स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिलं आहे.

पुढे सप्टेंबर २०२४. विधानसभेची निवडणूक तोंडावर, गणपती चार दिवसांवर, आणि संघटनांची कृती समिती या वेळी एकत्र. ३ तारखेला संप सुरू झाला, ४ तारखेला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याबरोबर बैठक झाली आणि मिटलाही. मूळ वेतनात सरसकट ६,५०० रुपये, एप्रिल २०२० पासून. ज्यांना आधी ५,००० मिळाले होते त्यांना वर १,५००, ज्यांना २,५०० मिळाले होते त्यांना वर ४,०००. म्हणजे तीन वर्षांपूर्वी जुन्या आणि नव्या कामगारांत जी दरी पडली होती ती बुजली. या वेळी दोघं साडू दोन्ही दिवस आपापल्या आगारात एकाच बाजूला बसले होते.

हंगाम साधला होता हे खरं. पण आमच्या मते २०२४ चे दोन दिवस २०२१ च्या पाच महिन्यांवर उभे होते. हे लोक खरंच बसू शकतात, हे समोरच्याने एकदा पाहिलं होतं. आणि कुठवर बसायचं, हे आपल्या लोकांनी एकदा भोगून शिकलं होतं. मागणी मोठी असावी. पण मंडपात बसण्याआधी घरात तीन गोष्टी बोलून घ्याव्यात. किती दिवसांचं धान्य आहे, किती मिळालं की उठायचं, आणि जो आधी उठेल त्याच्याशी आपण कसं वागायचं. पहिल्या दोन गोष्टी संघटना सांगू शकते. तिसरी घरातल्या बायकांनीच ठरवायची असते, आणि त्या वेळी आम्ही दोघी त्यात कमी पडलो.

मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. आता आम्ही महिन्यातून एकदा भेटतो. कधी गाडीवर दुल्हाभाईच वाहक असतात. मेहुणीलाही ते तिकीट फाडल्याशिवाय बसू देत नाहीत.