ट्रॉली घेताना आधी खाली झोपा

परवा गावातल्या एका पोरानं नवी ट्रॉली आणली आन् मला बघायला बोलावलं. लालभडक रंग, समोरच्या पत्र्यावर मोर काढलेला. मी पोतं टाकून सरळ ट्रॉलीखाली झोपलो. पोरगं हसलं, "काका, कापडं खराब हुतील."

ही सवय आमच्या पहिल्या ट्रॉलीनं लावली. चौथ्या हंगामात ऊस भरून ओढ्याचा चढ चढताना दांडी चासीपासून उखडली. ट्रॉली मागं घसरत बांधाला जाऊन अडकली. धाकटा पोरगा चाकाला दगड लावायला खाली उतरला होता. दोन पावलं बाजूला होता, म्हणून वाचला. नंतर तुटलेली जागा बघितली तर चार-चार बोटांवर नुसते टाके, मधल्या फटीत लांबी भरून वरून रंग. निम्म्या तुटीवर गंज चढलेला, निम्मी चकचकीत. म्हणजे चीर आधीचीच होती. दर आठवड्याला मी तिथंच ग्रीस मारत होतो, पण दिसली नाही.

तेव्हापासून दांडीचा जोड पहिला बघतो. वेल्डिंग चारी बाजूंनी सलग पाहिजे, वर तिकोनी पट्टीचा आधार पाहिजे. रेघ एकसारखी, माशाच्या खवल्यांगत असावी. बारीक भोकं दिसली तर ते काम कच्चं. नवीन बांधून घेणार असाल तर मिस्त्रीला आधीच सांगा, रंगाच्या अगोदर बोलव. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडं ॲडव्हान्स देऊ नका.

चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून बघायचं, खडखड आली तर बेअरिंग ढिलं हाय.

पत्र्यात लई फसवणूक होते. 10 गेज म्हणजे सव्वातीन एमएम, 12 गेज म्हणजे साधारण 2.6. डोळ्याला फरक कळत नाही, कडेला व्हर्नियर लावा. 12 बाय 6 फुटांच्या नुसत्या तळाला तीस-बत्तीस किलो लोखंड कमी पडतं. बिलावर गेज आन् चॅनेलचं माप लिहून घ्या, रिकामी ट्रॉली वजनकाट्यावर घाला. शंभराची पावती फाडायला कुणी कचरू नये.

त्या पोराच्या ट्रॉलीचं वजन बरोबर भरलं. दांडीला मात्र खालच्या बाजूनं टाकेच निघाले. उद्या परत वर्कशॉपला चाललीय. मोराचे पाय तेवढे जळणार.