जूनमधली आफ्रिका

परवा फोनवर धाकटी बहीण म्हणाली, "ताई, तू नुसते हिशेबच करत बसणार आहेस, की आपण खरंच जाणार आहोत?"

प्रश्न बरोबर होता. गेले आठ महिने माझ्या एका दोनशे पानी वहीत केनिया देश येऊन राहिला आहे. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर शंका. उजवी पानं जास्त भरली आहेत, हे कबूल.

मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आठवी-नववीला आफ्रिका खंड आला की पूर्व आफ्रिकेची खचदरी फळ्यावर काढायची हे माझं ठरलेलं काम. दोन समांतर भेगा, मधला भाग खाली खचलेला, दोन्ही बाजूंना कडे. तांबड्या खडूने ज्वालामुखी, निळ्याने सरोवरं. मुलं म्हणायची, बाई, छान काढता! छान काढायचेच, पण पाहिली कुठे होती? पुस्तकातल्या आकृतीवरून फळ्यावर आणि फळ्यावरून मुलांच्या वहीत, एवढाच तिचा प्रवास. ही दरी एकदा काठावर उभं राहून बघायची, एवढी एकच हौस निवृत्तीनंतर उरली होती. सिंह, हत्ती दिसले तर उत्तमच.

आता पैशाचं. आपल्याकडच्या सहल कंपन्या केनियाला नेतात त्या बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये. कारण तेव्हा सेरेंगेटीतून विल्डबीस्टचे लाखोंचे कळप मसाई मारात येतात आणि नदी ओलांडतात. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं ते मगरींचं दृश्य. एका कंपनीत चौकशीला गेले. तिथल्या मुलाने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग जो आकडा सांगितला त्यावर आणखी एक ग्लास पाणी मागून घेतलं. माझ्या पेन्शनच्या भाषेत सांगायचं तर सव्वा वर्ष उपास.

चिरंजीव म्हणाले, "आई, पैसे मी पाठवतो, तू जुलैत जा, नीट जा." मनापासून म्हणाला, यात शंका नाही. पण मला ही एक गोष्ट माझ्या पैशाने करायची आहे. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. आयुष्यभर घराचे हप्ते, फिया, लग्नं यांत पगार गेला, त्याचं दुःख नाही. पण खडूच्या धुळीतून मिळालेल्या पैशातला थोडा तरी त्या दरीपर्यंत पोचावा असं वाटतं खरं. असो.

तर मग स्वस्त कधी? इथे भूगोल कामाला आला. केनियात पाऊस वर्षातून दोनदा. मोठा मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर-नोव्हेंबर ते डिसेंबर. सूर्य विषुववृत्त ओलांडून वर-खाली जातो, त्याच्या मागोमाग पावसाचा पट्टाही सरकतो, म्हणून दोनदा. हे मी शिकवलेलं आहे, पण 'म्हणून एप्रिलमध्ये तंबू स्वस्त' हे पुस्तकात नव्हतं!

मला आधी वाटलं, एप्रिलमध्येच जावं. पावसाला आपण काय घाबरणार, आपण तर पावसात मुद्दाम भंडारदऱ्याला जाणारी माणसं. पण मग २०२४ सालच्या बातम्या वाचल्या. त्या एप्रिलच्या अखेरीस माई माहिऊ गावाजवळ डोंगरातून रात्री पाण्याचा लोंढा आला आणि झोपेतली कित्येक माणसं वाहून गेली. त्यानंतर दोनच दिवसांत मारातल्या तालेक नदीला पूर येऊन तंबूंची छावणी बुडाली, पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. माई माहिऊ म्हणजे नैरोबीहून माराला जाताना खचदरीचा कडा उतरल्यावर लागणारं गाव. म्हणजे माझ्याच रस्त्यावरचं. एप्रिल खोडला.

नोव्हेंबरही खोडला, तो मात्र पैशासाठी. मसाई मारामध्ये परदेशी माणसाला दिवसाला प्रवेश फी असते. २०२४ पासून ती जानेवारी ते जून शंभर डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दोनशे डॉलर अशी आहे. म्हणजे ३० जूनला जो सिंह शंभर डॉलरला दिसतो, तोच १ जुलैला दोनशेला. आम्ही दोघी, तीन दिवस. सहाशे की बाराशे, हा एका ओळीचा हिशेब. शिवाय तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहाचं. आत मुक्काम करणाऱ्यांनी शेवटच्या दिवशी दहाच्या आत बाहेर पडायचं, नाहीतर आणखी एका दिवसाची फी. आम्ही प्रवेशद्वाराबाहेरच्या साध्या तंबूत राहणार, त्यामुळे ही भानगड नाही.

आणि मग ध्यानात आलं ते हे, की जूनचा पहिला पंधरवडा! मोठा पाऊस ओसरलेला, फी अजून निम्मी, गर्दी यायची आहे. आपल्याकडे मात्र जून म्हणजे शाळा उघडायचे दिवस. चौतीस वर्षांत मी जूनमध्ये साधी पंढरपूरलाही गेले नव्हते. वेळापत्रक, नवी हजेरी, ओल्या दप्तरांचा वास. सगळ्या जगाबरोबर मे महिन्यात आणि दिवाळीत गर्दीच्या गाडीत चढायचं आणि गर्दीचे भाव द्यायचे, ही मास्तर लोकांची जन्माची शिक्षा. आता जून मोकळा आहे हे मला निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी कळलं म्हणजे बघा.

तोटे आहेतच. जूनच्या सुरुवातीला ते लाखोंचे कळप बहुधा सेरेंगेटीच्या पश्चिम भागातच असतात, मारात पोचलेले नसतात. म्हणजे नदी ओलांडणं आम्हाला दिसणार नाही. पावसानंतर गवत उंच असतं, त्यात सिंहीण दहा फुटांवर असली तरी कळायची नाही. भाचा म्हणाला, "मावशी, मायग्रेशन नाही तर मारात बघायचं काय?" मी म्हटलं, अरे, सिंह, हत्ती, जिराफ तिथलेच कायमचे रहिवासी आहेत, ते कुठे जातात? आणि मला बघायची ती दरी तर लाखो वर्षं तिथेच आहे. गंमत म्हणजे तिला तिकीटच नाही! नैरोबीहून निघालं की रस्ता कड्याच्या काठाने उतरतो, तिथे थांबून बघायच्या जागा आहेत. समोर लोंगोनोट ज्वालामुखी. खाली रस्त्याकडेला एक इवलंसं चर्च आहे, ते दुसऱ्या महायुद्धात हा रस्ता बांधणाऱ्या इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ साली उभारलं. फक्त त्या सकाळी ढग खाली उतरलेले नसावेत. नैरोबी जवळजवळ अठराशे मीटर उंचीवर आहे, आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. विषुववृत्ताला इतक्या जवळ असून जूनमध्ये तिथे स्वेटर लागतो. 'विषुववृत्तावर बारमाही उकाडा' असं उत्तर लिहिणाऱ्या कित्येकांना मी पूर्ण मार्क दिले आहेत. त्यांची क्षमा मागायला हवी.

एका ठिकाणी मात्र काटकसर केली नाही. गाडी. स्वस्तात व्हॅन मिळते, पण मारातल्या बऱ्याच भागात काळी माती आहे. तिकडेही तिला कापसाची काळी मातीच म्हणतात! नोकरीची पहिली वर्षं मी बार्शीकडे काढली आहेत. ओल्या काळ्या रानात चप्पल कशी राहते आणि पाय कसा बाहेर येतो, हे मला कोणी सांगायला नको. चारही चाकांना जोर असलेली जीपच घ्यायची. त्यासाठी नाकुरू सरोवर गाळलं. तिथलं पाणी गेल्या काही वर्षांत चढलं आणि पुस्तकातले ते गुलाबी फ्लेमिंगोंचे थवे बरेचसे दुसरीकडे गेले, त्यामुळे फार हळहळ नाही. त्याऐवजी नैवाशाला दोन रात्री, होडीतून पाणघोडे.

विमान मुंबईहून थेट, सहा तासांच्या आसपास. प्रवेशाची परवानगी इंटरनेटवरून, तीस डॉलर. विमा आमच्या वयाला महाग, पण घेतलाच.

आता उजव्या पानावरची सगळ्यात मोठी शंका. केनियाहून परत येताना पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं पुस्तक नसेल, तर आपल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस एकदा घेतली की आता जन्मभर चालते. पण ती जिवंत विषाणूची लस, आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना तिचा गंभीर त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त. होतो फार थोड्यांना, पण होतो तेव्हा जिवावर बेतू शकतं. मी त्र्याहत्तर वर्षांची.

आमचे डॉक्टर माझेच विद्यार्थी. त्यांनी सगळं नीट समजावलं. रक्त तपासलं, गोळ्यांची यादी पाहिली. मग म्हणाले, "बाई, घ्या असंही मी म्हणणार नाही, घेऊ नका असंही नाही. दक्षिण आफ्रिकेला गेलात तर ही लस लागणार नाही. सिंह तिथेही आहेत." मी म्हटलं, खचदरी तिथे नाही. ते हसले. आठवीत त्यांनी काढलेली आकृती मला आठवत नाही, त्यांना मात्र आठवत होती म्हणे.

पंधरा दिवस मी निर्णय घेतला नाही. बहिणीचे फोन टाळले. रात्री वाटायचं, कशासाठी हे? एका रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभं राहण्यासाठी? सकाळी पुन्हा वही उघडायची.

चिरंजीव हे वाचतीलच, तेव्हा इथेच सांगून टाकते. लस घेतली. तीन आठवडे झाले. बहीण सहासष्ट वर्षांची, तिचा नुसता हात दुखला. मला पाचव्या दिवशी ताप आला, अंग मोडून आलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी काय काय दिसलं तर रात्री कितीही वाजता कळवायचं ते सांगितलं. मी ते कागदावर लिहून उशीखाली ठेवलं. घरात एकटीच. दर दोन तासांनी आरशात डोळे पिवळे झालेत का ते बघत होते. तुला फोन केला नाही रे, कारण तू तिथून 'रद्द कर' म्हणाला असतास आणि त्या रात्री मी ऐकलंही असतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

पिवळं पुस्तक कपाटात, पासबुकाच्या खाली आहे. तिकिटं काल काढली, ४ जूनची. बहीण विचारते आहे, छत्री घेऊ की रेनकोट? रेनकोट घे म्हटलं. जीपचं छप्पर वर उचललं की उभं राहून बघायचं असतं, त्यात छत्री कुठे धरणार.