थरथरती सही

हात कापू लागला, बँकेतून दोनदा चेक परत आला, तेव्हापासून आमच्या ह्यांनी सही करणंच सोडलं होतं. गेल्या उन्हाळ्यात मिनियापोलिसला लेकीकडे गेलो. नातवाला निवृत्त बेसबॉलपटूंच्या सह्यांचा भारी नाद! पत्र, खेळाडूचं कार्ड अन् परतीचं तिकीट लावलेलं पाकीट धाडायचं, मग महिनोन्‌महिने वाट बघायची. तिथल्या ट्विन्स संघाचे हार्मन किलब्रू (५७३ होमरन, २०११ मध्ये वारले) तरुण खेळाडूंना बजावत, सही वाचता आली पाहिजे! नातवाकडच्या काही म्हाताऱ्यांच्या मात्र अगदी वेड्यावाकड्या. "हात कापतोय तरी माझ्यासाठी केली ना!" म्हणाला. "आजोबा, तुमचीपण हवी."

हे तासभर जुन्या वर्तमानपत्रावर गिरवत बसले. मी पोळ्या लाटता लाटता गुपचूप बघत होते.